व्हॉल्व्ह वाजतो का

मंगळ. ४ मार्च
सिग्नलला पुन्हा निळा धूर. मागचा स्कूटरवाला नाक धरून काहीबाही बोलला. तेवढं तमिळ मला कळतं. घरी वि.चा निकाल तयार: "अप्पा, गाडी एक्स्चेंजला देऊ. रविवारी माणूस येतोय बघायला." चिरंजीव ओरगडमला कारखान्यात गाड्या बनवतात, बापाची एक बघवत नाही.

मेकॅनिक सेल्वमला फोन. तो गावी, देवळाच्या उत्सवाला. म्हणाला, "सार, आधी इंजिनावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढा, कानाशी हलवा. वाजला नाही तर अडकलाय. नवा घाला, धूर थांबेल. खुळखुळला तर व्हॉल्व्ह चांगला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनच उघडावं लागेल. मग विकून टाका सार."

म्हणजे न वाजणंच शुभ. सौ.लाही तसं सांगितलं.

बुध. ५
पण आहे कुठे तो? व्हिडिओतला गृहस्थ म्हणतो, "हा काय, समोरच." त्याच्या समोर असेल. माझ्या समोर नुसत्या नळ्या. सौ. गॅलरीतून: "पोदुम हो, पुरे आता, इडली निवली. व्हॉल्व्ह शोधताय की कविता?"

गुरु. ६
एक नळी उपटली. पाण्याची निघाली. शर्ट गेला.

जेवताना वि., मोबाइलमधून मान वर न काढता: "कशाला त्रास अप्पा? कॅब आहे ना." कॅबमध्ये मी काय करू? शाळेतल्या कविता मला गाडी चालवतानाच आठवतात. बीचच्या रस्त्याला लागलो की एकामागून एक. ओळ अडली की सौ. पुरवते. ती तंजावरकडची, मराठी शाळा कधी पाहिली नाही. माझ्या तोंडून ऐकून ऐकून पाठ. मागे एकदा कॅबमध्ये सुरू केलं, तर ड्रायव्हर आरशातून बघत राहिला. घरी टीव्ही. मग म्हणायचं कुठे...

शुक्र. ७
सेल्वमला इंजिनाचा फोटो पाठवला. लाल गोल काढून परत आला. माथ्यावरच्या झाकणात, एअर फिल्टरच्या डब्याआड, अंगठ्याएवढा. इतके दिवस वाकताना आधाराला त्यालाच धरत होतो. कपाळ.

काढायचं उद्या. आज कंबर नाही म्हणते.

शनि. ८
निघाला. पुसला. कानाशी हलवला. शांत. पुन्हा हलवला, शांत. काय बरं वाटलं. मग लक्षात आलं, हल्ली कुकरची शिट्टी झाल्याचंही मला सौ.च सांगते.

तिच्या हातात दिला. "तू ऐक. खरं काय ते सांग."

तिने हलवला. थांबली. परत हलवला. मग माझ्याकडे न बघता, "नाही वाजत," आणि तेलाची बोटं चक्क पदराला पुसत आत गेली. आतून: "आत्ताच जा, नवा घेऊन या. उद्या तो माणूस यायच्या आत बसवा."

विचारावं परत? नाही विचारलं.

निघतोय स्पेअरच्या दुकानात. नमुन्याला जुना खिशात टाकलाय. वाटेत खुळखुळला तरी मला कळायचं नाही.