सत्तेचाळीस मीटर उंचीवर

अण्णा नगर, चेन्नई
११ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
यामिनीचा कृतानेक सा. न. वि. वि.

हे पाकीट पाहून तुम्ही घाबरून जाल, म्हणून आधीच लिहिते की आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शर्मिष्ठावन्संच्या फोनवर लिहिलं तर ते ह्यांच्यापर्यंत पोचेल. म्हणून कागद घेतला.

काल सकाळी माझं मेसेजचं अ‍ॅप बंद झालं. पडद्यावर एकच ओळ, की या नंबराला आता हे वापरता येणार नाही. चूक माझीच. नवरात्रातल्या हळदीकुंकवाची आमंत्रणं यंदा मंडळाने माझ्याकडे दिली. मी गटावर टाकून मोकळी होणार होते. पण आपल्या तंजावूरच्या कनकामामी ऐकेनात. सवाष्णीला बोलावणं नावाने जातं, गटावर टाकलेलं म्हणजे दाराला चिकटवलेली नोटीस, असं त्यांनी सुनावलं आणि नावांची वही हातात ठेवली. मी दोन दुपारी बसून तीनशे शहाऐंशी जणींना एकेकीचं नाव घालून तोच मजकूर पाठवला. निम्म्या जणींकडे माझा नंबरच नव्हता. त्यांच्या सुनांना मी कुणी भामटी वाटले असणार; त्यांनी तक्रार केली.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. बाबा, मी एक गोष्ट सात महिने सगळ्यांपासून लपवली आहे. दर्शन मला लिहितो. ह्यांनी ओरगडमच्या कारखान्यात स्वतःच्या ओतकामाच्या खात्यात शब्द टाकून लेकाला लावलं, त्याने अकरा महिन्यांत सोडलं, आणि हे त्याला पुन्हा या दारात उभा राहू नकोस म्हणाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मी जेवलास का विचारते आणि तो ताटाचा फोटो पाठवतो. बाकी काही नाही. कुठे आहे ते सांगत नाही. फोन करू नको, तुझा आवाज ऐकला तर माझ्याने राहवणार नाही, असं त्याने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. त्याचा हा नवा नंबर कुणाही मित्राकडे नाही. आणि हे माझा फोन हाताळतात, म्हणून मीही तो कुठे उतरवून ठेवला नाही. तो फक्त त्या अ‍ॅपमध्ये होता.

गेल्या शुक्रवारी त्याने पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या. दसऱ्याला इथल्या मालकांना कायमचं काय ते सांगायचं आहे. त्याआधी सव्वीस तारखेला तुला एक विचारीन. तुझं उत्तर आलं नाही तर समजेन, पुन्हा विचारणार नाही.

कंपनीकडे विनंती पाठवली आहे. बाबा, सव्वीसपर्यंत ते उघडलं नाही तर त्याला वाटेल, आईनेही दार लावून घेतलं.

रागवा, पण मला लिहा. तुमचा लोभ मी गृहीत धरते आहे.

आपली सून,
यामिनी


कऱ्हाड
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. यामिनी हीस,
वसंतरावांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. शर्मिष्ठेने दोनदा विचारले की वहिनीने काय लिहिले, मी सांगितले की लोणच्याची कृती. आता ती कृती मागते आहे, तेव्हा पुढच्या पत्रात एक खरोखरच पाठव.

तीनशे शहाऐंशी बायकांना एकाच पल्ल्यात हाका मारत सुटलीस तर कुणीही लाल निशाण दाखवेल. एकतीस वर्षे रेल्वेत गार्ड होतो, मीही गाडी थांबवली असती. असो.

पोरगा जेवतो आहे, ती ओळ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. तू लपवलेस ते मला लागले, पण समजले. उपेंद्रपासून लपवलेस ते मात्र मला पटत नाही. तो वाईट नाही, माझ्यासारखा आहे. त्याच्या विशीत मीही त्याला असेच काही बोललो होतो. तो आठ दिवसांत परत आला, आणि आपले बोलणे बरोबर होते अशी माझी समजूत झाली. तो कशामुळे परत आला ते मी आजवर विचारलेले नाही.

आता कामाचे. कंपनीच्या भरवशावर राहू नकोस. ते फोटो डोळ्यांसमोर आण. ताट कसले, भात कसला, मागे काय दिसत होते? तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही. गाडी कुठे उभी आहे हे नेहमी नावाच्या पाटीवरूनच कळते असे नाही.

धीर सोडू नकोस. तुझ्या पाठीशी एक बहिरा म्हातारा आहे, तेवढा पुरे समज.

तुझा,
बाबा


अण्णा नगर, चेन्नई
१७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. लोणच्याची कृती मागच्या पानावर आहे. मोहरी फेसायला विसरू नका म्हणावं वन्संना.

कंपनीचं उत्तर आलं. तपासणी केली, निर्णय कायम. मी पुन्हा लिहिलं, की मी कुणाला फसवलेलं नाही, हळदीकुंकवाला बोलावलं आहे. हळदीकुंकू म्हणजे काय ते इंग्रजीत समजावताना माझी पुरेवाट झाली. एका बाईने दुसरीच्या कपाळाला कुंकू लावायचं, त्यासाठी तिला नावाने बोलवावं लागतं, असं लिहिलं. ते कुणी माणूस वाचतं की यंत्र, देव जाणे. रंजनी, आमच्या खालच्या मजल्यावरची, शोळिंगनल्लूरला अशाच कुठल्या कंपनीत आहे. तिने सांगितलं की रोज एकदा शांतपणे लिहीत राहा, चिडू नका. मी रोज लिहिते. चिडत नाही.

बाराचा शुक्रवार रिकामा गेला. सहा वाजता सवयीने फोन घेऊन गॅलरीत बसले. तिकडे तो ताट समोर ठेवून माझ्या प्रश्नाची वाट बघत असेल, हे मनातून जाईना.

फोटोंचं लिहिते. स्टीलचं ताट, जाडा तांबूस भात, नारळ घातलेली भाजी, कधी केळफुलाची. त्यावरून केरळ असावं असा माझा अंदाज. कुठलीशी खाणावळ, हिरव्या रंगाची भिंत. फक्त जुलैतला एक फोटो बाहेरचा होता. दगडी बाकावर ताट, आणि वरच्या कोपऱ्यात पिवळ्या पाटीची खालची कड. नाव कापलं गेलं होतं, पण त्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची होती, सत्तेचाळीस मीटर. त्याच आठवड्यात मला सत्तेचाळीसावं लागलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. मला वाटलं, त्याने मुद्दाम तेवढंच फोटोत येऊ दिलं, शुभेच्छा म्हणून. कदाचित नसेलही.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. काल जेवताना शब्द तोंडाशी आला होता. हे म्हणाले आमटी छान झाली आहे, आणि मी आमटी वाढली.

आपली,
यामिनी


कऱ्हाड
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. यामिनी हीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी सिग्नलला अडली की बाकीचे गार्ड विडी ओढत. मी पाट्यांवरच्या उंच्या वहीत उतरवायचो. तुझ्या सासूला हा शुद्ध वेडेपणा वाटे. कऱ्हाडला येताना ती वही रद्दीत घालायला तिने दोनदा काढली होती.

सत्तेचाळीसची तीन स्टेशने सापडली. दोन इकडची, जिथे तसला भात कुणी ताटात घेणार नाही. तिसरे माझ्या दक्षिणेतल्या बदलीच्या दिवसांतले, पालघाटहून समुद्राकडे उतरताना लागते. लहान आहे, सगळ्या गाड्या थांबत नाहीत. फलाटाला लागून एक खाणावळ होती, भिंत तेव्हाही हिरवीच. आणि ऐक, त्या गावात कांशाची भांडी आणि समया ओतणारी घरे आहेत. साच्यांची माती स्टेशनवर उतरायची, तिच्या पावत्यांवर मी सह्या केल्या आहेत. ओतकामाच्या खात्यातून पळालेला पोरगा ओतकामाच्याच गावी गेला असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्याला पत्र घालावे तर पत्ता नाही, आणि सव्वीसपर्यंत पोचणारही नाही. कुणीतरी जायला हवे. मी गेलो असतो, पण शर्मिष्ठा मला पायरीही उतरू देत नाही. स्टेशनचे नाव आणि उतरायची गाडी सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. ती चिठ्ठी आणि हे पत्र उपेंद्रच्या हातात दे. तू जाऊ नकोस. तू गेलीस तर पोराला आई मिळेल, ती त्याच्याकडे आहेच.

उपेंद्र, तू हे वाचत असशील तर एवढेच, की तू आठ दिवसांनी परत आलास तेव्हा मी दाराशी येऊन तुला आत घ्यायला हवे होते. मी पेपर वाचत बसलो होतो. पेपरात काही नव्हते.

तुम्हा दोघांचा,
बाबा


अण्णा नगर, चेन्नई
२७ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल, शुक्रवारी दुपारी आलं. बाबा, मी ते लगेच दिलं नाही. वाटलं, संध्याकाळी देईन, हे कामावरून दमून येतील, चहा झाल्यावर देईन. मग पाहुणे आले, हळदीकुंकवाच्या बायका आल्या. पत्र मी गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. सात महिने लपवायची सवय लागली की हात आपोआपच लपवतो.

आज सकाळी आठ वाजता अ‍ॅप सुरू झालं. खातं चुकून बंद झालं होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, अशी दोन ओळींची माफी. पाठोपाठ फोन वाजू लागला. तीनशे बायकांची उत्तरं, येते, नक्की येते, आणि त्यांच्यामध्ये तो.

बारा तारखेला, आई, आज विचारलं नाहीस. एकोणीसला, रागावलीस का. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, दसऱ्याला घरी येऊ का. आणि साडेआठला, बरं, समजलो.

मी लिहिलं, ये. पुन्हा लिहिलं, ये रे, माझं बंद झालं होतं. दोन्हींपुढे एकच खूण, म्हणजे अजून त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. फोनही बंद लागतो. काल पत्र वेळेवर दिलं असतं तर हे रात्रीच्या गाडीत असते, हे मला आता जन्मभर माहीत असणार आहे.

मग मी डबा उचलला आणि पत्र, चिठ्ठी आणि उघडलेला फोन तिन्ही ह्यांच्यापुढे ठेवले. हे ओरडतील असं वाटलं होतं. ह्यांनी तुमचं पत्र वाचलं. मग सगळे फोटो पाहिले, पहिल्यापासून, एकेक ताट. तीसेक ताटं आहेत. मध्ये एकदा विचारलं की हा सकाळचं काही खातो का. मला माहीत नव्हतं.

चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून हे तीनच्या गाडीने गेले. जिना उतरताना तेवढं विचारलं, की त्याला आमटी आवडते ना अजून.

माझ्या संदेशापुढे अजून एकच खूण आहे. देवापुढे दिवा लावला आहे, आणि फोन त्याच्याशेजारी ठेवला आहे.

आपली,
यामिनी


२८ सप्टेंबर २०२५
(स्टेशनचं नाव तुमच्याच चिठ्ठीवर आहे)

ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

यामिनीला फोन केला आहे. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

उंची बरोबर आहे. खाणावळीची भिंत अजून हिरवी आहे. तिथे दर्शन नाव कुणाला कळेना, मद्रासचा मुलगा म्हटल्यावर कळलं. दसऱ्याच्या समया द्यायच्या असल्याने रविवार असूनही काम चालू होतं. तो साच्याला माती लावत होता. मला पाहिलं आणि हात थांबवले नाहीत.

गाडीत मी वाक्य तयार केलं होतं. घरी यायला विचारायचं नसतं, वगैरे. ते आठवलंच नाही. मी म्हणालो, जेवलास का.

त्याने मान हलवली, नाही म्हणून. कालपासून नाही. फोन त्याने बंद करून ट्रंकेत टाकला होता. आईचं खातं बंद होतं हे त्याला खरं वाटेना. मग तीनशे शहाऐंशी नावांचं सांगितलं तेव्हा हसला, म्हणाला हे आईच करू शकते. नंतर तोंड फिरवून मातीचे हात बराच वेळ धूत बसला. मी शेजारी उभा राहिलो. पेपर नव्हता माझ्याकडे.

मी पाहिलं, साच्यातून हवा जायची वाट त्याने अरुंद ठेवली होती. सांगितलं. त्याने बघून ती मोठी केली. मालक सेतुमाधव म्हणून आहेत, म्हणाले मुलगा चांगला ओततो. आमच्या कारखान्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दसऱ्याला तो घरी येतो आहे, चार दिवस. मग इथेच परत. मी बरं म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला.

मी आठ दिवसांनी का परत आलो होतो, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आईने शेजाऱ्यांकरवी निरोप धाडला होता, तुम्ही जेवत नाही म्हणून.

ट्रंकेतून फोन काढून सुरू केला, तेव्हा यामिनीचे दोन्ही संदेश आले. तो म्हणाला, फोटो पाठवू या. ताटं आम्ही फलाटावरच्या दगडी बाकावर नेली. दोन ताटं. त्याने फोन खाली धरला होता, मी त्याला जरा मागे सरायला सांगितलं. या वेळी पाटीवरचं नाव पूर्ण आलं आहे.

तुमचा,
उपेंद्र