हौस माही का गोळीची?

यवतमाळ, रविवार

प्रिय विजू,

आपल्या निकिताच्या घरी मी मजेत आहो. पार्किन्सनच्या नव्या गोळीनं चालताना पाय अडकत नाही. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? झरीच्या बाजारात एकटी जाऊ नोको.

एक गंमत झाली. मले सारखं काही ना काही खोलावं वाटे. मिक्सर खोलला, इस्त्री खोलली, जावयाचा रेडिओ खोलला. जोडलं काहीच नाही. जेवाचंही सुचे ना. लेक रडली, मंग डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "काका, हे गोळीमुळं होतं. एखाद्याला जुगाराचा नाद लागतो, तुम्हाला हा लागला." आता ते गोळी हळूहळू कमी करून राह्यले. ओढ गेली, हात मात्र थोडा कापते.

पण विचार येते, जलमभर मोटारपंप खोलले, ते तरी माह्याच मनानं ना? तुले काय वाटते?

काल पंखा कुरकुरत होता. निकिता म्हणे, "बाबा, पाहता का?"

मी घाबरलो. "हे गोळी तं नाही म्हणत?"

"नाही बाबा, मी म्हणून राह्यली."

मंग खोलला, साफ केला, अन् जोडलाही. त्याच्याच हवेत बसून लिहून राह्यलो.

तुहाच,
दिगांबर