विमान कुणी केलं

अण्णा, गेल्या रविवारी मी आपलं रिमोटवर उडणारं विमान न्यायला बजाजनगरला गेले होते आणि रिकामा टेम्पो घेऊन परत आले. भाऊ आता फ्लॅटमध्ये राहायला चाललाय. तिथं नऊ फुटी पंखांना जागा नाही, म्हणून मीच फोन करून म्हटलं, ते माझ्याकडं येऊ दे. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं होत आली. माडीवरच्या खोलीत त्याच्यावर टाकलेली चादर मी एकदाही काढली नव्हती. आपण दोघांनी केलेलं आणि माझ्यावाचून तुम्ही न उडवलेलं विमान, एवढं मला पुरत होतं.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याचा आराखडा मी छापून आणला. कागद स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत पसरला आणि आई म्हणाली, "आता भाकरी काय हवेत थापू?" तुम्ही कंपनीच्या टूलरूममधून सुटून यायचात, चहा उभ्यानंच प्यायचात आणि पंखाच्या फासळ्या कापायला बसायचात. बाल्सा लाकूड इतकं हलकं की पंख्यानं उडायचं, म्हणून ऐन उन्हाळ्यात आपण पंखा बंद ठेवायचो. वरची फिल्म मी घरच्या इस्त्रीनं चढवली. एक सुरकुती राहिली तेव्हा तुम्ही रागावलात, "पोरी, लोकांना दिसणार नाय, पण हवेला समजतं." मी पूर्ण पट्टी उचकटून पुन्हा लावली. भाऊ यायचा तो जेवायला बोलवायला. बारावीत दोनदा राहिला होता, आणि डिंकाच्या वासानं नाक धरायचा. माझं लग्न झालं तेव्हा फक्त इंजिन बसायचं होतं. नाशिकला निघताना तुम्ही म्हणालात, "तू आल्याबिगर उडवायचं नाय. बस."

एवढ्या मोठ्या विमानाचा तोल एकट्याला पाहता येत नाही. दोघांनी दोन पंखांशी समोरासमोर उभं राहायचं, ठरलेल्या खुणेखाली बोटांची टोकं लावून उचलायचं, आणि नाक किंचित खाली झुकलं की झालं. दुसऱ्या दिवाळीला मी आले तेव्हा आपण तोल पाहिला. तुम्ही माझ्याकडं पाहत नव्हतात, पंखाकडंच पाहत होतात. मग म्हणालात, "आज वारा लई आहे." दारातल्या तुळशीचं पानही हलत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात.

रविवारी मी चादरीवर बांधलेला दोर सोडत होते तेवढ्यात वहिनी चहा घेऊन वर आली. "ताई, तुम्ही न्या म्हणता, पण ह्यांच्या हातचं आहे हो. कसं देऊ? फ्लॅटात छताला टांगू की."

"ह्यांच्या?"

"व्हय की! आमचे आबा कन्नडहून ह्यांना बघायला आले तेव्हा तोंड पाडूनच बसले होते. पोरगा बारावी नापास, कामधंदा नाय. मग अण्णांनी त्यांना लासूर स्टेशनकडच्या माळावर नेलं अन् हे विमान उडवून दाखवलं. आबा म्हणले, असं विमान करणारा पोरगा उपाशी मरत नसतो. नाय तर मी कशाला येते तुमच्या घरी!" ती हसली. तिला हे सगळं खरंच वाटतं. ते कधीचं, म्हणून मी विचारलं. "अण्णा गेले त्याच्या आदल्या दसऱ्याच्या आधी," ती म्हणाली. म्हणजे आपण तोल पाहिला त्याच्या आधी.

भाऊ जिन्यात भेटला. "ताई, अण्णाच म्हणले होते, तुला कळू द्यायचं नाय."

"तेव्हा उडवायच्या आधी तोल पाहताना समोर कोण होतं?"

"मीच," तो म्हणाला, आणि खाली पाहत राहिला.

अण्णा, मागितलं असतं तर मी दिलं असतं. भावाचं लग्न जमावं असं मला वाटत नव्हतं का? मी स्वतः फोनवर पाहुण्यांना सांगितलं असतं की त्यानंच केलंय. पण तुम्ही मला विचारलं नाही, आणि वर दिवाळीत तो पंख पुन्हा माझ्या हातात दिलात. खोटं बोलायचंच होतं तर नंतर तरी गप्प बसायचं होतं. मला पहिल्यासारखं उभं करून तोल का पाहायला लावला, हे मला अजून उमगत नाही. वहिनीला मी काही सांगितलं नाही. तिच्या संसाराखालची ही वीट आता काढून मी काय करू? "राहू दे, माझ्याकडं तरी कुठं जागा आहे," असं म्हणून मी दोर पुन्हा बांधला. आता त्या खोट्यात मीही आहे. तेही तुमच्यामुळंच.

निघताना तिनं आबांनी काढलेला व्हिडिओ मोबाइलवर लावला. आधी नुसता माळ दिसतो, मग तुमचा आवाज येतो, "माझ्या पोरानं केलंय. रातंदिस खपलाय." मग विमान मुरमावर धावलं आणि सरळ उठलं. जराही कललं नाही. "उठलं!" म्हणून मी ओरडलेच. वहिनी म्हणाली, "अगं बाई, ताईंनाच लई आनंद झाला!"

हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तुमचं ते वाक्य मी नीट ऐकलं होतं, आणि तरीही ओरडले.