बर्फावरचा गोलकीपर : एक खंडन

४ डिसेंबर १९७१
सिद्ध करावयाचे ते असे : मैदानी हॉकीत उभी हयात गोल राखलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर बर्फावरच्या हॉकीत गोल राखू शकत नाही. सदर माणूस, माझा धाकटा भाऊ मधू. हेतू, म्हणजे तर्कातले कारण : गोलकीपरची विद्या पायांत असते, तो चेंडू किकने परतवतो. बर्फावर किक मारणारा स्वतःच पडतो. हे समजण्यास तर्कशास्त्र शिकावे लागत नाही. मधूला समजत नाही.

युद्ध सुरू, खिडक्यांना काळे कागद. मधूच्या ट्रक फॅक्टरीत तिन्ही पाळ्या. लेहला लष्कराचे ट्रक दुरुस्त करण्यास माणसे हवीत. मधूने आपणहून नाव दिले होते, आज हुकूम आला. कारण देशसेवा नव्हे. ट्रक न्यायला आलेला, गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळणारा लडाखी हवालदार म्हणाला होता, "हमारे तालाब पे गोलकीपर नहीं है, मधू भैया. आ जाओ." एवढ्यावर!

६ डिसें.
खरे कारण निराळे. मागच्या सामन्यात मधूने चेंडू मुठीत धरला. गोलकीपरने हाताने अडवावे, धरू नये. पंच मी. शिट्टी, पेनल्टी, गोल, हार. फॅक्टरीने संघात दुसरा घेतला. निर्णय बरोबर होता. आजही आहे.

८ डिसें.
रांझीला, फॅक्टरीच्या वसाहतीत, मधूच्या क्वार्टरवर. अंगणात भुशावर बर्फाच्या लाद्या मांडलेल्या, बुटांना पोलादी पट्ट्या ठोकून हा वर उभा. शेजारची मंडळी चेंडूऐवजी टायर कापून केलेली चकती घसरवतात, हा सवयीने किक मारतो आणि आडवा होतो. दरवेळी. लोक हसतात, हाही हसतो. निर्लज्ज.
"तिथे युद्ध चालू आहे, मधू. घसरगुंडी नव्हे."
"काहून चिडून राहिले, दादा? दिवसभर ट्रकच दुरुस्त करीन. खेळ सुट्टीत."
घरी सौ.ला माझा हेतू पुन्हा समजावला. म्हणाली, "अहो, लाद्या वितळतील, तुमचा मुद्दा नाही वितळायचा. जाऊ नको म्हणा की सरळ!"
असंबद्ध.

१० डिसें.
शेजाऱ्यांचे फटके मिळमिळीत. त्यावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय. म्हणून स्टिक मीच घेतली. जोर जास्त झाला. चकती लादीच्या कडेवर आपटून थेट त्याच्या तोंडाकडे उडाली. पाय हललाच नाही. डावा हात वर गेला, मूठ मिटली.
"फाऊल!" मी ओरडलो.
मधूने मूठ उघडली नाही.
"दादा, तिथं धरलं तरी चालते."
स्टिक भिंतीला टेकवली आणि घरी आलो.

१२ डिसें.
स्टेशन. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे विमान. माझे लोकरीचे हातमोजे दिले.
"डावा घट्ट होते, दादा."
"होऊ दे."
गाडी हलली तेव्हा एवढेच म्हणालो, "मूठ सोडू नकोस."
"चलो, दादा!" म्हणाला. हसत. याला कशाचेच गांभीर्य नाही.

१४ डिसें.
चंदीगडहून तार नाही. विमान उडाले की नाही, फॅक्टरीतही कोणास ठाऊक नाही. दोनदा विचारून आलो.

कबुली. पायांची विद्या बर्फावर निरुपयोगी, हा भाग टिकतो. परंतु त्याला पायांनीच खेळावे लागेल, असे मी गृहीत धरले. हात विचारातच घेतला नाही. चूक माझी, आणि एवढीच. सौ. विचारते, मग जाऊ नको असे एकदा तरी का नाही म्हणालात? तो प्रश्न या खंडनाच्या कक्षेबाहेरचा.

— ग. रा.