बाबाच्या दोन खुर्च्या

बुटीबोरी, मंगळवार

आदरणीय आत्याबाई,

सप्रेम जय भीम. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सारे बरे, आईचा खोकला सोडून. तो मिरचीचा आहे, त्याचंच सांगाले पत्र लिहून राहिली. (नववीत शाळा सुटली, चुका पोटात घाला. फोनवर मले बोलता येत नाही, हे तुम्हाले माहीतच.)

आपल्या मसाला कंपनीत चेअरमन बाबा अन् मॅनेजिंग डायरेक्टरबी बाबाच. मीटिंगले ते दोन खुर्च्या मांडतात. पंख्याखालची चेअरमनची, दाराजवळची एमडीची. मागच्या मीटिंगमधी आई म्हणाली, मिरची दळाच्या खोलीत उडणारा तिखट भुकटीचा खकाणा बाहेर फेकणारा पंखा पाहिजे. बाबानं दाराजवळ बसून अर्ज लिहिला, 'माननीय चेअरमन साहेब.' मग उठले, पंख्याखाली जाऊन बसले, चष्मा लावून अर्ज वाचला अन् नामंजूर केला! आईनं विचारलं, "काहून जी?" त म्हणे, "चेअरमननं एमडीचं सारंच मंजूर केलं त लोक काय म्हणतीन?" (लोक कोण? आम्ही तिघंच होतो.) मग परत दाराजवळ येऊन तोंड पाडून बसले. "पाह्य वं, मी त मांगितला होता. वरूनच नाही म्हणून राहिले." शेवटी चेअरमननं एमडीच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, अन् एमडीनं उभं राहून आभार मानले.

म्या मोबाइलवर पाह्यलं, मोठ्या कंपन्यांत चेअरमन वेगळा असते, एमडी वेगळा. एकानं काम कराचं, दुसऱ्यानं त्याले जाब विचाराचा. अठरा पूर्ण झाल्यापासून मीबी डायरेक्टर आहे. (बाबानंच केलं. म्हणे पोरगी तोंड उघडत नाही, बरी राहीन.) येत्या रविवारी मी ठराव मांडणार. एमडी बाबाच राहोत, धंदा त्याइलेच समजते. चेअरमन मात्र दुसरा. बाबा रागावोत, दोन दिवस न जेवोत, मी मागं हटत नाही.

तुमची,
रोशनी

ता.क. चेअरमन म्हणून तुमचं नाव टाकलं आहे. बाबा जगात तुम्हालेच भेतात. तुम्हीबी डायरेक्टर, पण दरवेळी घरूनच सह्या करता, यावेळी जरीपटक्याहून याच. गुडघ्याची काळजी नको, पंख्याखालच्या खुर्चीवर एकदा बसलं की तुम्हाले उठाचं काम नाही.

आणखी ता.क. ठराव आरशासमोर दहा वेळा म्हणून पाह्यला, मधातच आवाज बसते. तुम्ही नुसतं विचारा, "रोशनी, तुले काही म्हणाचं आहे का वं?" तरीबी नाही बोलली, त हेच पत्र मोठ्यानं वाचजा. बाबा भेतात तेवढं वगळून.