अक्काची खसखस

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून मटणाच्या वाटणात खसखस घालत नाही. नवरा विचारतो, तर आवडत नाही म्हणून सांगते. खोटं आहे ते.

बहरीनमधली नव्वदीतली ती वर्षं. सनद भागातल्या आपल्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तुम्ही मला अफूचं युद्ध शिकवलंत. धडा पाठ होता, कळला नव्हता. तुम्ही सलमाबादच्या गोदामातून नुकते आलेले, शर्टाला ग्रीसचा वास, आणि स्टोअरकीपरच्या भाषेत समजावून सांगताय. "हे बघ, इंग्रजाला चीनचा चहा हवा. चिनी म्हणतो, चांदी टाक. चांदी संपत आली, मग यांनी आपल्याकडच्या शेतकऱ्याला अफू लावायला लावली आणि तिकडे चोरून विकली. माणसं व्यसनाने खलास. शेवटी चीनच्या एका अधिकाऱ्याने सगळा माल जप्त करून चुन्यात नासवला. व्यापाऱ्यांनी बोंब मारली, आमचं नुकसान झालं, आणि इंग्रजांनी लढाऊ जहाजं धाडली." मी इंग्रजीत विचारलं, मग चूक कोणाची? तुम्ही म्हणालात, "मराठीत विचार, मग सांगतो." मी फुगून बसले, विचारलंच नाही.

त्याच उन्हाळ्यात सुट्टीहून परतताना अक्का माझ्याबरोबर आली. तुमची थोरली बहीण, आईमागे तुम्हाला वाढवणारी. तिच्या व्हिसासाठी तुम्ही किती खेटे घातलेत. तुम्हीच तिला लिहिलं होतं, येताना खसखस आण, इथे मिळत नाही, तुझ्या हातचा रस्सा खायचाय. तिथे ती का मिळत नाही, तिच्यावर बंदी असेल, हे तुमच्याही डोक्यात आलं नाही.

विमानतळावर भर दुपारी अधिकारी पुरचुंडी सोडतो आणि हे काय म्हणून विचारतो. अक्काला इंग्रजी कुठलं यायला? ती मला म्हणते, "पोरी, सांग सायबाला, वाटणाचा मसाला हाय म्हणावं." आणि मी सांगते, हे अफूच्या झाडाचं बी. तेवढ्यावर माझा आगाऊपणा थांबत नाही. चहा, चांदी, जहाजं, सगळा धडा म्हणून दाखवते. तो शांतपणे ऐकून घेतो आणि फोन उचलतो.

मला सोडलं, तिला नाही. तुम्ही बाहेर कठडा धरून संध्याकाळपर्यंत उभे होतात. मग कळलं, तिला आल्या पावली परत पाठवलं. तुम्हाला ती लांबूनसुद्धा दिसली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली, आणि तुम्हाला रजा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"मीच मागवली ना," तुम्ही आईला म्हणायचात. "जिभेचे चोचले माझे, आणि नाचक्की तिची." मी समोरच जेवत असायचे. शेवटच्या आजारपणातही तुम्ही तेच बोललात. मी चमच्याने पाणी पाजत होते. सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा पाणीच पाजलं.

अक्काने गावाहून कोणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं, आठवतं? पोर माझ्यासाठी सायबाशी किती भांडली, तिला रागावू नको. ते वाचून तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. तो हात मला अजून जाणवतो आणि नकोसा होतो.

मी आत्ता लिहितेय ते हे पत्र आईलाही दाखवणार नाही, फाडून टाकीन. लहान होते, कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण तो अधिकारी मला म्हणाला होता, हुशार आहेस. अक्काला आत नेत होते तेव्हा, अण्णा, मी खूश होते.