चौथं कारण

उस्ताद, तुम्ही दिलेला हातोडा आज मी दुसऱ्याच्या हातात दिला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे परवानगी मागायला कुठं येणार? म्हणून कागद घेऊन बसलोय. दुपारची वेळ आहे, पोटात भाकरी आणि पांढरा रस्सा आहे, खिडकीबाहेर ग्राइंडरची घरघर चाललीय. ती मला अजून ऐकू येते. काय येत नाही, ते पुढं सांगतो.

हातोडा तुम्ही दिलात तसाच आहे. अर्ध्या किलोचा, बाभळीच्या दांड्याचा. दांडा तुम्हीच तासलेला, मुठीजवळ आता काळाभोर आणि तुळतुळीत झालाय. कुरुंदवाडच्या बाजूनं एक पिशवी घेऊन आलेल्या माझ्यासारख्याला तुम्ही त्यावर एकच विद्या शिकवलीत. ओतलेलं लोखंड फळीवर ठेवायचं, टोला द्यायचा आणि ऐकायचं. धड असेल तर घंटेसारखं वाजतं, आवाज लांबत लांबत जातो. आत केसाएवढी चीर असली तरी बद्द वाजतं, आवाज जागच्या जागी मरतो. या एका विद्येवर मी उचगावच्या रस्त्याला स्वतःची फौंड्री उभी केली, उस्ताद. चाळीसभर माणसं आहेत. ट्रेलरचे ब्रेकड्रम करतो, आखाती देशातल्या एका गिऱ्हाइकाला जातात. गेली वीस वर्षं एकही ड्रम माझ्या कानाखालून गेल्याशिवाय पेटीत पडलेला नाही. गिऱ्हाईक फोनवर म्हणतो, कागदाचं सर्टिफिकेट नको, तुम्ही वाजवलेत ना, मग झालं.

तुमच्या शेवटच्या वर्षी त्याच मुलखात लढाई पेटली होती. चहाच्या सुट्टीत रेडिओ लागायचा. एका मोठ्या सरकारनं सैन्य का पाठवलं, त्याची कारणं बातम्यांत सांगायचे, आणि तुम्ही मान तिरकी करून ऐकायचा. एक दिवस उठलात, हातोड्यानं रेडिओच्या डोक्यावर हळूच टक् केलंत आणि म्हणालात, "बद्द हाय." सगळी शॉप हसली. ज्याचा रेडिओ तो तेवढा बोंबलला, "उस्ताद, सेल हाललं की!"

आता पुन्हा तिकडंच लढाई चाललीय. सरकार दुसरं, माणसं दुसरी, आणि रेडिओच्या जागी समोरच्या टपरीवरचा टीव्ही. पण कारणं सांगायची पद्धत तुम्ही लगेच ओळखली असती.

तुम्ही मला ती पद्धत ओळखायला कशी शिकवलीत, ते आठवतं ना? मला जुंपून वर्ष झालं होतं. एका पंपाच्या बॉडीचा कोअर, आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा, मी भट्टीत पुरता भाजला नाही, कच्चाच साच्यात बसवला. त्यातली वाफ लोखंडात शिरली आणि कास्टिंगला आतून भोकं पडली. मी काय केलं, तर लोखंडाचा कीस जवसाच्या तेलात कालवला, भोकं लिंपली, वरनं काजळी फिरवली. दिसायला झकास. तुम्ही बघितलंसुद्धा नाही. टोला दिलात.

"ह्ये काय?"

"वाळू वल्ली आलती, उस्ताद."

"आनि?"

"लोखंड थंड पडलं हुतं."

"आनि?"

"साचा हालला वाटतं जरा."

तुम्ही खाली बसलात. ओरडला नाहीत, त्यामुळं मी जास्त घाबरलो. "एका भोकाला तीन कारणं सांगालास," म्हणालात. "वाळू वल्ली असंल, लोखंड थंड असंल, साचाबी हालला असंल. मी न्हाय म्हणत न्हाय. पर खरं कारण ठावं असतं त्यो एकच सांगतो आनि गप बसतो. चौथं सांग." मी मान खाली घातली. तुम्ही माझ्या हातात घण दिलात आणि सगळ्यांदेखत ती बॉडी मलाच फोडायला लावलीत. चार टोल्यांत फुटली. तेलात कालवलेला कीस ढेकळासारखा बाहेर पडला. मग मी म्हणालो, "कुस्तीला गेलतो. मैदानात. कोअर तसाच ठेवून." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, "बरं" म्हणालात, आणि डबा उघडून निम्मी भाकरी माझ्यापुढं केलीत. पुढच्याच आठवड्यात हा हातोडा दिलात. का दिलात, हे मी बरीच वर्षं समजून घेतलं नाही.

आता यंदाचं सांगतो. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. एक दिवस स्वयंपाकघरातनं बायको बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, किती शिट्ट्या झाल्या?" मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "कसल्या?" ती माझ्याकडं बघत राहिली. भात पार करपला होता. मी हसून सोडून दिलं. मग पुढच्या आठवड्यात मशिनशॉपमधून एक ड्रम परत आला. टर्निंगला लावल्यावर त्यात चीर दिसली, नखात अडकेल एवढी. तो मीच वाजवून पास केलेला होता. मी दार लावून तो फळीवर ठेवला, शेजारी एक चांगला ठेवला, दोन्हीला टोले दिले. उस्ताद, दोन्ही मला सारखेच वाजले. माणसाचं बोलणं येतं, त्यातला खोटेपणाही येतो, गाडीचा हॉर्न येतो. तो वरचा बारीक, लांबत जाणारा नाद तेवढा येत नाही. इतकी वर्षं ज्या आवाजावर जेवलो, तोच गेला. मी तो ड्रम टेबलाखाली सरकवला आणि त्यावर जुनं पोतं टाकलं.

आणि तेवढ्यात लढाई लागली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सोमवारी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "समुद्रात जहाजं अडकलीत. ब्रेकड्रमचं काम लढाई संपेपर्यंत बंद." त्या कामावर चौदा माणसं आहेत. तोंडं उतरली, पण सगळ्यांना पटलं, कारण जहाजं खरंच अडकली होती. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आमच्या फोरमननं उचलला. हा उचगावचाच, बावीस वर्षं माझ्याजवळ आहे. तो पळत आला, "मालक, दुसऱ्या बंदरातनं माल घेत्यात, लावून द्या म्हंत्यात!" मी म्हटलं, "भट्टीचा कोक केवढा महागलाय बघितलंस काय?" तो म्हणाला, "आवारात ढीग पडलाय की तीन महिन्यांचा." पुढच्या आठवड्यात म्हटलं, भट्टीचं अस्तर उतरवायचंय. तो डोकं खाजवत गेला. अस्तर दिवाळीनंतर त्यानंच घातलं होतं.

मग परवाची चहाची सुट्टी. टपरीवर आम्ही सगळे उभे. टीव्हीवर त्या सरकारचा कुणी मोठा माणूस बोलत होता आणि खाली मराठीत ओळी सरकत होत्या. फोरमननं कप खाली ठेवला.

"पयल्या आठवड्यात म्हनले, त्येंच्याकडं लई मोठा बाँब तयार व्हाय लागलाय. दुसऱ्या आठवड्यात म्हनले, त्येच आमच्यावर येनार हुते म्हणून आदी आमी गेलो. आता म्हंत्यात, तितल्या लोकांस्नी मोकळं करायचंय. आरं, मोकळं करायला कोन वरनं बाँब टाकतंय व्हय?"

"मग त्यो पयला बाँब घावला काय?" टपरीवाल्यानं विचारलं.

"घावायला आदी असाय पायजे की!"

आमचा पॅटर्नमेकर, साच्यांचे नमुने करणारा, जरा सरकारी मताचा माणूस. कुठलंही सरकार असो, तो त्याच्या बाजूनं. तो म्हणाला, "आतली म्हाइती असती त्येंच्याकडं. तुला उचगावात इचारून लढाई करायची काय?"

"न्हाई सांगितलं तर चालतंय की," फोरमन म्हणाला. "पर सांगायचंच तर एकदा सांगा. रोज नवीन कशाला?"

सगळे हसले. आमच्या फेटलिंगला, ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करायला, गारगोटीकडची एक बाई आहे, ड्रमवरच्या चौदांतलीच, सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही. तिचा नवरा तिकडं आखातात वेल्डर आहे, दोन वर्षं झाली. ती म्हणाली, "ह्ये काल फोनवर सांगत हुते, तिकडंसुदीक कुनाला ठावं न्हाई कशापायी चाललंय. सायरन झाला की आदी चहा गाळून घेत्यात, मग खाली जात्यात." तेव्हाही सगळे हसले. ती हसली नाही. तिच्या हातात फोन होता आणि अंगठा त्याच्या काचेवर सारखा फिरत होता.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी तुमची गोष्ट सांगितली. मला ती रंगवून सांगता येते. कीस, जवसाचं तेल, घण, सगळं सांगितलं. शेवटी तुमच्या आवाजात म्हणालो, "एका भोकाला तीन कारणं सांगालास. चौथं सांग!" फोरमननं टाळी दिली. पॅटर्नमेकरसुद्धा हसला. आणि वहिनीनं कप ठेवला, पदरानं हात पुसले आणि अगदी सरळ विचारलं, "मालक, मग आपल्या ड्रमचं चौथं काय?"

उस्ताद, रस्त्यावरनं ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता. तो आख्खा निघून जाईपर्यंत मी त्याच्याकडंच बघत राहिलो. फोरमन आभाळाकडं बघायला लागला. वहिनीनं नजर हटवली नाही. तिचाच हक्क होता म्हणा. नवऱ्याच्या डोक्यावर लढाई का आली याचं खरं उत्तर तिला कुणी देत नाही, आणि स्वतःचं काम का थांबलं याचंही नाही. मी मात्र तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"चला," म्हटलं.

ऑफिसात नेऊन मी पोतं काढलं. चिरलेला ड्रम फळीवर ठेवला, चांगला शेजारी ठेवला. दोन्हीला टोला दिला आणि सांगितलं, "मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. हे चौथं." मला वाटलं होतं, आता मोठं काहीतरी होईल. फोरमन म्हणाला, "एवढंच व्हय? आमी म्हनलं, फौंड्री इकतायसा!" आणि वहिनी ड्रमजवळ वाकली. "परत वाजवा बगू." मी वाजवला. "ह्यो बद्द हाय की, मालक. धडधडीत बद्द हाय." मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "दर उन्हाळ्यात माठ वाजवूनच घेतोय की आमी. कुंभार काय बी सांगतोय. आमी त्येचं ऐकत न्हाई, माठाचं ऐकतोय."

आज सकाळी मी बारा ड्रम मांडले. त्यांत दोन चिरलेले, कुठले ते फोरमनलाच ठाऊक. वहिनीनं दोन्ही काढले. मग एका चांगल्यावर पुन्हा आली, मान तिरकी करून ऐकलं, आणि म्हणाली, "ह्यो धड हाय, पर जरा रुसलाय." तपासलं तर तो एका बाजूला जाड निघाला. उस्ताद, एवढं तर मलाही कधी कळलं नसतं. हातोडा तिथंच तिच्या हातात दिला. भट्टी उद्या पेटतेय. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, कान बदललाय, तो म्हणाला, तुम्ही म्हणताय ना, मग झालं. वहिनीचा नवरा ठीक आहे. आज सकाळीही त्यानं आधी चहा गाळला.

जेवण झाल्यावर एक गोष्ट मनात घोळत राहिली. माझं एकही कारण खोटं नव्हतं. जहाजं अडकली होती, कोक महागला होता, अस्तर कधीतरी काढायचंच होतं. आणि सांगताना माझा आवाज खणखणीत होता, कारण सांगता सांगता मलाही ते पटत होतं. त्या मोठ्या सरकारचीही एखाद-दुसरी कारणं खरी असतील. टपरीवर आम्ही ती मानली नाहीत म्हणून तिकडचं एक विमान थांबलं नाही, थांबणारही नाही. माझ्यासमोर कप खाली ठेवून विचारणारी एक बाई होती, एवढाच माझा आणि त्यांचा फरक. मी सुटलो. बायकोनं डॉक्टरची वेळ घेतलीय, कानात घालायचं यंत्र मिळेल म्हणते. मिळालं तर कुकर तरी वाचेल.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील, पोत्याखालच्या ड्रमसारखं. म्हणून राहिलेलं सांगून टाकतो. त्या दिवशी मी कुस्तीला गेलो नव्हतो. शिरोलीच्या एका फौंड्रीत जास्त पगारावर ठेवून घेतात काय, विचारायला गेलतो. त्यांनी घेतलं नाही. कोल्हापुरात कुस्तीला गेलतो म्हटलं की निम्मा गुन्हा माफ असतो, म्हणून तुमच्यासमोर, त्या फुटक्या तुकड्यांवर उभं राहून मी ते सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि भाकरी दिलीत. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते तुम्हाला पटलं. आज हातोडा देताना एकदम ध्यानात आलं. मैदानावरनं आलेल्या माणसाला आपल्याकडं पहिला प्रश्न एकच असतो, आणि तुम्ही तर तालमीतले. कुणाची कुस्ती झाली, कोण जिंकलं, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत.